हातभर समुद्रात पाणी कोणी घालायचं

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी हातभर लांबीचा एक काचेचा टँक आहे. त्यात समुद्राचं पाणी आहे, दगड आहेत, दगडांवर चिकटवलेली जिवंत प्रवाळं आहेत आणि दोन मासे आहेत. घरी आलेला पाहुणा आधी टँककडं बघतो, मग माझ्याकडं बघतो आणि विचारतो, "मासं कुठायत?"

मासे लहान आहेत. गोबी म्हणतात त्यांना. पिवळेजर्द, करंगळीच्या पेराएवढे, तोंडावर कायम कुणीतरी उसनं मागायला आल्यासारखा भाव. दिवसभर प्रवाळाच्या फांदीवर बसून असतात. मी बोट दाखवते, पाहुणा वाकतो, दिसला की म्हणतो, "मोठं झाल्यावर किती किलोचं हुतंय?"

मी सांगते, होत नाही. एवढंच राहतं.

"मग पाळलंय कशाला?"

"बघायला."

पाहुणा सरळ होऊन टीव्हीकडं वळतो. कोल्हापुरात माणसं कुस्ती बघायला जातात, धरण भरलं की ते बघायला जातात, दुसऱ्याच्या घराचं बांधकाम तर तासभर उभं राहून बघतात. मासा मात्र ती कालवणातच बघतात.

माझं माहेर नेसरीकडचं. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सासरी आल्यावर कळलं की इथंही पहिलीच. हे मी सगळ्यांना सांगते, कारण ते मला कोणी फुकट दिलेलं नाही. विषय घेतला प्राणिशास्त्र. कॉलेजात तीन वर्षं मासे बघितले ते बरणीतले, पांढरेफटक, डोळे गेलेले. मग एकदा सहलीला कोकणात नेलं. ओहोटी होती. खडकातल्या खळग्यात ओंजळभर पाणी साचलेलं आणि त्यात एक बारका मासा दगडाला धरून बसलेला. लाट आली, आम्ही पोरी ओरडत मागं पळालो. लाट गेल्यावर बघितलं तर मासा तिथंच. पोटाखालचे पर जुळून त्याची वाटी झालेली असते, त्या वाटीनं तो दगडाला चिकटतो. गोबी तो हाच. सरांनी लॅटिन नाव सांगितलं. मी ते पाठ केलं. पेपरात आलं नाही.

पुढं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले, लग्न झालं, फ्लॅट झाला, आणि मी टँक आणला. आमचे हे फाउंड्रीत शिफ्टला असतात. त्यांनी एकच विचारलं, "वास येणार न्हाई न्हवं?" नाही म्हटलं. विषय संपला.

आता टँकबद्दल एकच गोष्ट समजून घ्या, बाकीची नाही कळली तरी चालेल. समुद्राचं पाणी मी घरीच करते. समुद्राचं मीठ मिळतं, ते फिल्टरच्या पाण्यात कालवायचं. हे तयार खारं पाणी मी निळ्या कॅनमध्ये भरून ठेवते, महिन्यातून दोनदा टँकचं थोडं पाणी बदलायला. पण रोज टँकमधलं पाणी उडतं, उन्हाळ्यात तर लोटाभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी. मीठ मागं राहतं. म्हणून रोज सकाळी काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत टँक भरायचा तो साध्या, बिनमिठाच्या पाण्यानं. निळ्या कॅनमधलं घातलं तर मीठ वाढत जातं आणि मासे संपतात. यात काही अवघड नाही. शाळेच्या विज्ञानात आहे.

दोन वर्षांपूर्वी मामा आणि आत्या आमच्याकडं राहायला आले. मामा म्हणजे माझे सासरे, आत्या म्हणजे सासूबाई. गाव गारगोटीच्या बाजूला. मामांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, डॉक्टरांनी खाली बसायचं नाही म्हणून सांगितलं, आणि खाली न बसता म्हशीची धार काढता येत नाही. म्हशी विकल्या.

मामांनी जन्मभर गावच्या दूध संस्थेला दूध घातलं. नव्या माणसाची ओळख झाली की ते दोन गोष्टी सांगतात. एक, त्यांनी आयुष्यात दुधात पाण्याचा थेंब घातला नाही. दोन, बाकी सगळ्या गावानं घातलं. दुसरी गोष्ट ते नावानिशी सांगतात. संस्थेच्या लॅक्टोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता म्हणून त्यांनी स्वतःचा घेतलेला. काचेची नळी, खाली गोळा, वर आकडे. दुधात सोडली की तरंगते आणि दूध किती घट्ट आहे ते त्या आकड्यावर कळतं. त्याला डिग्री लागणं म्हणतात. दुधात पाणी असलं की डिग्री उतरते. गावाहून येताना मामांनी भांडीकुंडी भावाला दिली, लॅक्टोमीटर टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन आले.

फ्लॅटमध्ये त्यांना काम नव्हतं. सवयीनं अंधारात उठायचे आणि हॉलमध्ये येऊन बसायचे. आत्या म्हणायच्या, "म्हशी गेल्या आन् आता ह्यांची नजर माझ्यावर. झाडू कसा मारतीस, भाकरी कशी थापतीस. माझ्या दावणीला उभं राहिल्यात."

एक दिवस मी कॉलेजातून आले तर मामा टँकसमोर उभे. पाणी पिण्याच्या उंच स्टीलच्या पेल्यात टँकमधलं पाणी आणि त्यात लॅक्टोमीटर तरंगत होता.

"सव्वीस," मामा म्हणाले. "पास हाय."

खारेपणा मोजायचं माझं वेगळं यंत्र आहे. मी त्यानं बघितलं. जवळपास तेवढंच होतं. समुद्राचं पाणी आणि बेताचं दूध वजनाला सारखंच भरतं, हे मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं आणि शिकवायची गरजही नव्हती. लॅक्टोमीटर साबणाशिवाय धुवायचा आणि थेट टँकमध्ये बुडवायचा नाही, एवढ्या दोन अटी मी घातल्या. मामांनी मान्य केल्या. तेव्हापासून टँक त्यांच्या देखरेखीखाली गेला. माशांना ते जनावरं म्हणायचे. मी कॉलेजातून आले की हातातली पिशवी ठेवायच्या आत खबर मिळायची. "जनावरांनी आज सकाळचं खाल्लं न्हाई." "धाकटं जनावर जरा मलूल हाय."

आत्यांना टँकचं कौतुक नव्हतं. त्यांनी एकदाच चौकशी केली.

"ह्यातली बायकू कुठली?"

मी सांगितलं की या जातीत आधीपासून तसं काही नसतं. दोघं एकत्र राहिले की त्यांच्यातला एक नर होतो, एक मादी. पुढं गरज पडली तर बदलतातही.

"आन् ठरवतंय कोण?"

"तेच दोघं."

आत्यांनी टँककडं वाकून बघितलं. "बरं हाय त्यांचं," म्हणाल्या आणि कणीक मळायला गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात त्या दोघांचं ठरलं असावं. एका सकाळी प्रवाळाच्या फांदीला गोल पट्टा दिसला, खसखस चिकटवल्यासारखा. अंडी होती. दोन्ही गोबी फांदीला चिकटून राखणीला बसलेले. शेजारून टँकमधली गोगलगाय सरकली तरी तिच्या अंगावर धावून जात होते. ती त्यांच्या तिप्पट होती.

मामांनी खुर्ची टँकजवळ ओढली. टीव्हीचा आवाज कमी करायला लावला. खालच्या मजल्यावरच्या बाई बघायला आल्या तर त्यांना दारातनंच सांगितलं, "आत्ता न्हाई पावणं, जनावर व्यालंय." आणि टँकच्या नळीला काळा दोरा बांधला. मी जीवशास्त्र शिकवते, तरी तो दोरा सोडला नाही. दोऱ्यानं पाण्याला काही होत नाही.

नेमकं तेव्हाच माझं पुण्यात आठवड्याचं प्रशिक्षण निघालं. टाळता येत नव्हतं. यांची डबल शिफ्ट चालू होती. आत्यांना टँकमध्ये रस नाही. राहिले मामा. मी त्यांना टँकसमोर उभं करून सगळं दाखवलं. ही रेघ. रोज सकाळी पाणी रेघेच्या खाली गेलेलं असेल. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं साधं पाणी घ्यायचं आणि रेघेपर्यंत घालायचं. कळलं?

"व्हय," मामा म्हणाले.

मी निश्चिंत मनानं गाडीत बसले.

रोज दुपारच्या सुट्टीत फोन करायचे. पाणी रेघेला आहे? रेघेला हाय. अंडी? हायत. खाल्लं? खाल्लं. आठवडा निम्म्यावर आला तेव्हा मामांनी आपणहून सांगितलं.

"आन् ऐक की. डिग्री वाढाय लागल्या."

"म्हणजे?"

"तू गेलीस तवा सव्वीस लागायची. आज एकतीस लागली." लग्नापासून मी त्यांचा आवाज इतका खूश ऐकला नव्हता. "एकतीस म्हंजे माझ्या थोरल्या म्हशीची लागायची."

मी हातातला चहा खाली ठेवला. "मामा, पाणी कुठलं घालताय?"

"त्या निळ्या कॅनातलं."

"त्यात मीठ आहे! मी फिल्टरचं घालायला सांगितलं होतं."

"सांगितलंतंस की."

"तुम्ही व्हय म्हणालात."

"ऐकलं म्हणून व्हय म्हटलं. घालतो कुठं म्हटलंतं?"

मी विचारलं, प्रवाळं उघडी आहेत का. ती परवापासून मिटून बसल्याचं कळलं. मामांना वाटलं होतं उन्हानं. मासे जोरजोरात श्वास घेत होते. त्यांना वाटलं होतं अंड्याच्या काळजीनं. मी समजावलं. पाणी जास्त खारट झालं की माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. सुकट होते जिवंतपणी. आत्ताच्या आत्ता साधं पाणी घालायला सुरुवात करा, पण एकदम नाही. फुलपात्रभर, थांबून थांबून. एकदम उतरवलं तरी मरतील.

मामा म्हणाले, "माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"का?"

"जन्मात पाणी घातलं न्हाई कशात. आता म्हातारपणी घालू? लागलेली डिग्री उतरवू?"

"हे दूध न्हाई, मामा."

"डिग्री लागतीया न्हवं?"

"पाणीच आहे ते! पाण्यात पाणी घालायचं आहे."

"तुझ्या नवऱ्याला येऊ दे. त्यो घालंल."

नवरा रात्री यायचा होता, फाउंड्रीत फोन खिशात ठेवू देत नाहीत. तोवर ऐन दुपार टँकवरून जाणार होती आणि पाणी आणखी उडणार होतं. पाठीमागच्या हॉलमध्ये एक गृहस्थ विद्यार्थ्यांना प्रेरणा कशी द्यावी हे माइकवर सांगत होते. मी व्हरांड्यात उभी राहून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, तुमचं इमान तुमच्यापाशी ठेवा. पण त्याच्यापायी दोन जीव मारू नका. ती पोरं अंड्यावर बसल्यात."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते.  पलीकडून आत्यांचा आवाज आला.

"द्या इकडं. काय म्हणतीया ती?" फोन त्यांच्याकडं गेला. मी परत सगळं सांगितलं. फुलपात्रभर पाणी, बारीक धारेनं, मध्ये मध्ये लॅक्टोमीटर बघत. आज एकोणतीसपर्यंत, बाकी उद्या-परवा.

"येवढंच न्हवं?" आत्या म्हणाल्या. "घालते मी. मला सवय हाय."

"कसली सवय?" मामांचा आवाज लांबून आला.

आत्यांना फोन घेता येतो, बंद करता येत नाही. त्यांनी तो टँकशेजारी ठेवला असणार, कारण मोटरची घरघर मला ऐकू येत होती.

"कसली सवय ग?"

"पाणी घालायची."

"कशात?"

"दुधात. आणि कशात?"

मोटर घरघरत राहिली.

"कवा?"

"सकाळी. तुम्ही वैरण टाकाय गेला की."

"माझ्या दुधात?"

"तुमचं कसलं? म्हशीचं. सगळंच्या सगळं दूध किटलीत वतून संस्थेला. घरात पोरं कोरा चहा पीत बसायची, त्यो तुम्हास्नी दिसला न्हाई कधी. मी तांब्याभर काढून ठेवत हुते आणि तांब्याभर पाणी वतत हुते. ह्यो तुमचा ल्योक दाराच्या चौकटीला डोस्कं लागंस्तवर वाढलाय, त्यो काय तुमच्या इमानावर?"

  आत्यांच्या बांगड्या वाजल्या आणि पाण्याची बारीक धार पडायला लागली. मी फोन ठेवला आणि हॉलमध्ये जाऊन बसले. माइकवाल्या गृहस्थांनी प्रेरणेबद्दल माझं मत विचारलं. मी म्हटलं, असावी.

दुसऱ्या दिवशी फोन आत्यांनीच घेतला. "एकोणतीस काल केलं. आज अठ्ठावीसवर आणते, उद्या सत्तावीस. एकदम उतरवलं की कळतंय," त्या म्हणाल्या. कुणाला कळतं ते मी विचारलं नाही.

"मामा कसे आहेत?"

"बसल्यात."

"बोलतायत का?"

"जनावरांशी."

मी परतले तेव्हा मामा खुर्चीत होते. आत्या भाजी निवडत होत्या. दोघांच्या मध्ये टँक. प्रवाळं निम्मीअर्धी उघडली होती. अंड्यांचा पट्टा पांढरा पडला होता, म्हणजे अंडी गेली होती. फांदीवर एक गोबी होता. दुसरा नव्हता.

मी पिशवी टाकून वाकले. दगडाच्या मागं बघितलं, फिल्टरच्या जाळीत बघितलं, टँकच्या बाहेर फरशीवरही बघितलं, कारण घाबरले की ते उडी मारतात.  मामांनी खुर्चीचा हात धरून ठेवला होता. लॅक्टोमीटर टॉवेलात गुंडाळून बाजूला ठेवलेला होता. मोबाइलचा टॉर्च लावला तेव्हा प्रवाळाच्या बुडाशी, दोन फांद्यांच्या बेचक्यात, फिकट पडलेलं काहीतरी दिसलं. त्याचे कल्ले हलत होते.

"हाय?" मामांनी विचारलं.

"आहे."

मामांनी खुर्चीचा हात सोडला.

मी त्यांना सांगितलं की अंडी फुटली असती तरी पिल्लं या टँकमध्ये जगली नसती, फिल्टरमध्ये गेली असती. ते खरंच आहे. त्यांना ते पटलं नाही. त्याच संध्याकाळी फांदीवरच्या गोबीनं मेलेली अंडी खाऊन टाकली. मामांनी ते शेवटपर्यंत बघितलं आणि जेवायला आले.

ताटं वाढली होती. हे शिफ्टवरून आलेले, त्यांना काहीच माहीत नव्हतं, ते मजेत आमटी ओरपत होते. मामांनी भाकरी मोडली आणि आत्यांकडं न बघता विचारलं, "रोज?"

चार दिवसांत ते त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"रोज," आत्या म्हणाल्या.

"किती?"

"तांब्याभर. पावणं असलं की दोन."

ह्यांनी वाटीतून डोकं वर काढलं. "कशाचं चाललंय?" मी त्यांना जेवा म्हटलं.

मामा घास चावत राहिले. त्यांचा हिशेब चालला होता, पण तो पाण्याचा नव्हता. ज्या माणसानं गावातल्या एकेकाचं नाव घेऊन पाणी घातल्याचं सांगितलं, त्याला आता त्या यादीत आपलं नाव कुठं बसतं ते बघायचं होतं. शेवटी म्हणाले, "मग डिग्री कशी लागत हुती? मी सोताच्या हातानं बघायचो. कधी उतरली न्हाई."

आत्यांनी त्यांच्या ताटात आमटी वाढली. घाई केली नाही.

"म्हस चांगली हुती तुमची," त्या म्हणाल्या. "दोन तांबं पाणी घातलं तरी गावात पयली यायची."

 मामांनी यावर विचार केला. मग माझ्याकडं बघितलं.

"ऐकलंस?" म्हणाले.

"ऐकलं," मी म्हटलं.

"पाणी घालून एकतीस. आणि बाकीचं गाव अठ्ठावीसला रडायचं." त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागितली. पाणी आत्यांनी घातलं ही गोष्ट त्यांनी कुठं ठेवली मला माहीत नाही, पण त्यानंतर त्यांनी गावातल्यांची नावं घेणं बंद केलं. थोरल्या म्हशीबद्दल मात्र ते आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतात.

दोन्ही गोबी जगले. फिकट पडलेल्याला रंग यायला महिना लागला. रोज सकाळी टँकमध्ये पाणी आता आत्या घालतात. मी घरी असले तरी त्याच घालतात, माझी धार जाड पडते म्हणतात. त्या तांब्या घेऊन आल्या की मामा खुर्चीतून उठतात, गॅलरीत जातात आणि पाठ करून उभे राहतात. धार थांबल्याचा आवाज आला की परत येतात, पेल्यात पाणी काढतात, लॅक्टोमीटर सोडतात आणि आकडा सांगतात. आकडा बरोबर असतो.